व्याह्यांच्या घड्याळाची तबकडी

"जुन्या घड्याळाची तबकडी अस्सल की मागनं बसवलेली, हे सांगायला मला भिंग लागत न्हाई. नुसतं लांबनं दाखवा!"

काष्टीच्या रंगनाथनं हे वाक्य पहिल्यांदा उच्चारलं, तेव्हा त्याच्या या विद्येचं वय जेमतेम एका दुपारचं होतं. पाण्याच्या इंजनाचा वॉशर आणायला तो नगरला गेला होता. वॉशर मिळाला, एसटी मात्र चुकली. पुढच्या गाडीपर्यंत सावली हवी म्हणून तो एका घड्याळजीच्या दुकानाच्या पायरीवर टेकला. आत घड्याळजी कुणा गिऱ्हाइकाला साखळीच्या घड्याळाची तबकडी काढून दाखवत होता. रंगनाथचा एक डोळा एसटीकडं होता, पण कान सगळे आत!

घड्याळजी म्हणत होता, अस्सल तबकडीला पाठीमागं तांब्याचे बारीक पाय असतात. ते यंत्राच्या भोकांत नेमके उतरतात. दुसऱ्या घड्याळाची तबकडी आणून बसवली, तर तिचे पाय या भोकांत जुळत नाहीत. मग लबाड कारागीर ते पाय कानशीनं घासून टाकतो आणि तबकडी मेणानं चिकटवतो. दुसरी खूण मिन्याची. जुनी तबकडी म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर भट्टीत भाजलेला मिना, चहाच्या बशीसारखा. जन्मभर घासा, आकडा हलायचा नाही. रंगवलेली असली तर ओलं बोट फिरवा, दोनाचा एक होतो!

झालं! रंगनाथ वॉशर पायरीवर विसरून आला, पण विद्या घेऊन आला.

त्यानंतर काष्टीत ज्याच्याकडं म्हणून साखळीचं घड्याळ होतं, त्याची धडगत राहिली नाही. कारभारीला त्याच्या सासऱ्यानं लग्नात दिलेलं घड्याळ रंगनाथनं आठवडे बाजारात सगळ्यांसमोर हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि "बाकी समदं झ्याक, तबकडी दुसऱ्याची!" असा निकाल दिला. कारभारीनं घरी जाऊन तोच निकाल बायकोला ऐकवला. राहीबाईनं भाकरीचं पीठ तसंच परातीत टाकलं आणि "माझ्या बापाला खोटं पाडता व्हय?" म्हणत माहेरची वाट धरली. ग्रामपंचायतीच्या भिंतीवरच्या घड्याळाकडं बघूनसुद्धा रंगनाथनं मान हलवली होती. पुढं पुढं तो पारावर येताना दिसला, की म्हातारे आपापल्या साखळ्या खिशात ओढून घेत, नागानं बिळात शेपूट घ्यावं तशा!

रंगनाथचं स्वतःचंही एक घड्याळ होतं बरं का! चांदीचं, झाकणाचं. त्याच्या वडिलांना, म्हणजे आबासाहेबांना, स्टेशनावरच्या कुणा गोऱ्या गार्डानं खूश होऊन दिलेलं. दिवसभर ते रंगनाथच्या बंडीच्या खिशात असायचं आणि रात्री देव्हाऱ्यात, खंडोबाच्या टाकाशेजारी.

"तुमची तबकडी कधी उघडून बघितली का, मालक?" भिमाजीनं एकदा विचारलं होतं. भिमाजी बाजारात लिंबाखाली बसून स्टो, बॅटऱ्या आणि घड्याळं दुरुस्त करायचा. बोलायला असा, की हातातला स्टो पेटायच्या आधी भिमाजी पेटायचा!

"बापाच्या घड्याळाला संशयानं हात लावू?" रंगनाथ कडाडला. "जिभेला काय हाड हाय का तुझ्या?"

भिमाजीनं जीभ चावली आणि विषय तिथंच मिटला.

रंगनाथच्या या विद्येचा घरात एकीलाच घोर होता. ती म्हणजे त्याची बायको छबूबाई. छबूबाई देवाधर्माची बाई. सोमवार, चतुर्थी, एकादशी काही सोडायची नाही. त्यातून मुलगी केशर लग्नाची झालेली. तिला चांगलं घर मिळावं म्हणून छबूबाईनं गुरुवारचं मौन धरलं होतं. सकाळी देवपूजेपासून दिवेलागणीपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, आणि दिवा लागल्यावर जो पहिला शब्द बोलायचा तो खराच बोलायचा. दत्तमहाराजांना तसं कबूलच केलं होतं तिनं.

आणि दत्तमहाराजांनी ऐकलंसुद्धा! सावेडीच्या गोरक्षनाथांकडचं स्थळ चालून आलं. मुलगा साखर कारखान्यात फिटर, निर्व्यसनी. केशरला पसंत. केशरही त्यांना पसंत. गोरक्षनाथ म्हणजे अगदी मऊ माणूस. घरात हुकूम चालायचा तो त्यांच्या थोरल्या बहिणीचा, गोजरबाईआक्काचा. मुलगी बघण्याचा कार्यक्रम उरकला, पोहे झाले, चहा आला, आणि निघायची वेळ झाली म्हणून गोरक्षनाथांनी कोटाच्या खिशातून साखळीचं घड्याळ काढलं.

छबूबाईनं डोळे मिटून देवाचं नाव घेतलं. पण उशीर झाला होता.

"पाव्हणं," रंगनाथ म्हणाला, "घड्याळ लई नामी हाय. पन तबकडी मागनं बसवलेली दिसती!"

गोरक्षनाथांना एकदम ठसका लागला. आक्कांच्या हातातली बशी हातातच राहिली.

"काय म्हनला?" आक्कांनी विचारलं. "हे आमच्या बापाचं घड्याळ हाय. बाप रेल्वेत व्हता आमचा!"

आता तरी गप्प बसावं की नाही? पण विचारल्यावर रंगनाथला विद्या लपवता येत नसे. त्यानं आक्कांना पाय समजावले, भोकं समजावली, कानस समजावली, मेण समजावलं, मिना समजावला. ओल्या बोटानं दोनाचा एक कसा होतो, तेसुद्धा टेबलावर चहा सांडून करून दाखवलं. आक्का एकेक शब्द ऐकत होत्या, पारायणाला बसल्यासारख्या!

"ठीक हाय," त्या उठल्या. "सुपारी फोडायला येऊ, त्या दिवशी चार लोकांत उघडा घड्याळ. आमच्या बापाची तबकडी अस्सल निघाली, की तुमी हात जोडून माफी मागायची, मग सुपारी. आन् नकली निघाली, तर ज्या घरात आमच्या बापाची मान खाली गेली, त्या घरात आमी सोयरीक करनार न्हाई!"

पाहुणे गेल्यावर छबूबाईनं आवाज चढवला नाही. तिनं कधी चढवलाच नव्हता. ती फक्त म्हणाली, "अवं, पोरीचं लगीन मोडलं तर ती तबकडी कपाळाला लावून फिरायची का तुमी?"

केशर आत चुलीपुढं उगीचच लाकडं पुढं-मागं करत होती आणि डोळ्यांत धूर गेल्याचं सांगत होती. चूल तर केव्हाच विझली होती!

मग रंगनाथनं बेत केला. आणि बेत पक्का होता! घड्याळ उघडायला भिमाजीला बोलवायचं. भिमाजीनं तबकडी जागची हलवायची नाही. काच उघडायची, डोळ्याला भिंग लावायचं आणि "अस्सल!" म्हणायचं. रंगनाथनं हात जोडायचे. सुपारी फुटायची. संपलं!

"जमंल ना रं खोटं बोलायला?"

"मालक, मी स्टो दुरुस्त करतो. 'आता न्हाई गळायचा' असं रोज म्हनतो की!" भिमाजी म्हणाला.

ठरल्या दिवशी पाहुणे आले. वार नेमका गुरुवार. दत्ताचा वार म्हणून आक्कांनीच धरलेला. छबूबाईचं मौन आहे म्हटल्यावर आक्कांना बरं वाटलं. "व्रताची बाई दिसती," त्या पुटपुटल्या. मुलाकडून आलेली वस्तू आधी देवापुढं ठेवायची रीत. त्याप्रमाणे आक्कांनी साडी, नारळ, सुपारी छबूबाईच्या हाती दिली आणि वर भावाच्या खिशातलं घड्याळही काढून ठेवलं.

"हेबी ठेवा देवापुढं. देवानंच बघावं काय खरं, काय खोटं!"

छबूबाईनं मान डोलावली आणि ती देवघरात गेली.

आता छबूबाईच्या देव्हाऱ्याचा एक नियम होता. पारोसं काही तिथं ठेवायचं नाही. साडीवर तिनं गोमूत्र शिंपडलं. नारळ धुतला. सुपारी धुतली. राहिलं घड्याळ. सावेडीहून काष्टीपर्यंत एसटीत आलेलं, कुणाकुणाचे हात लागलेलं. ते काय तसंच देवांच्या मांडीला मांडी लावून बसवायचं? घरच्या घड्याळाला ती गुरुवारच्या गुरुवार न्हाऊ घालायची. काच उघडायची, टाकांबरोबर भिजवलेल्या चिंचेचं बोटूक काट्यांच्या कडेकडेनं तबकडीवर फिरवायचं, ओल्या फडक्यानं टिपायचं, गंध लावायचं. वर्षानुवर्षं चाललं होतं. घड्याळ थोडं मागं पडायचं, आणि रंगनाथ "आज रेल्वेच पुढं गेली" म्हणायचा, एवढंच!

तिनं व्याह्यांच्या घड्याळाची काच उघडली. चिंच घेतली. पाहुण्यांचं घड्याळ म्हणून जरा जास्तच मनापासून घासलं.

बाहेर ओसरीवर जेवणं उरकली होती, विडे फिरत होते. एवढ्यात छबूबाई दारात येऊन उभी राहिली. चेहरा पांढराफटक. तिनं रंगनाथला खूण केली.

"काय गं?"

छबूबाईनं हवेत बोटानं गोल काढला.

"पोळ्या संपल्या?"

नाही, नाही! तिनं तळहातावर बोटं घासून दाखवली.

"भांडी घासायची ऱ्हायली? मग घास की! मला काय इचारती?"

छबूबाईनं कपाळावर हात मारला. मग परत गोल काढला आणि त्याच्यावरून पंजा असा वरून खाली फिरवला, सगळं पुसून गेलं अशा अर्थानं.

"तोंड धुवायला पानी पायजे?"

"मालक," भिमाजी कुजबुजला, "वहिनी म्हनत्यात नवरीची दृष्ट काढा."

"वहिनींना काही होतंय का?" गोरक्षनाथांनी काळजीनं विचारलं.

शेवटी छबूबाईनं पाहुण्यांसमोर, आक्कांसमोर, नवऱ्याचा हात धरला आणि त्याला ओढत आत नेलं! रंगनाथचे कान लाल झाले. लग्नात अंतरपाट धरला होता, तेव्हासुद्धा तिनं इतका घट्ट हात धरला नव्हता.

देव्हाऱ्यात व्याह्यांचं घड्याळ होतं. टिकटिकत होतं. पण तबकडी? उपासाच्या भगरीसारखी पांढरी! आकड्यांचा मागमूस नाही. खाली सहाच्या जागी तेवढा काळा डाग राहिला होता, आणि दोन काटे बिचारे मोकळ्या रानात वाट चुकल्यासारखे हिंडत होते.

रंगनाथचा चेहरा असा उजळला म्हणता! त्यानं चक्क एक उडी मारली.

"बघ! बघ! मी म्हनलो व्हतो न्हवं? रंगवलेली! मिना असता तर हलला असता का? नुसतं लांबनं वळखली का न्हाई?"

छबूबाई त्याच्याकडं नुसती बघत राहिली. तोंडानं बोलता येत नव्हतं, पण त्या नजरेपुढं कीर्तनकारानं हार खाल्ली असती.

रंगनाथची उडी खाली आली. बाहेर आक्का होत्या. चार लोक होते. या पांढऱ्या तबकडीनं आक्कांच्या बापाची मान खाली जाणार होती, आणि केशरची सुपारी पिशवीतून परत सावेडीला जाणार होती!

"भिमाजी!" तो मागच्या दारातून दबक्या आवाजात ओरडला.

दोघे दोन्ही घड्याळं घेऊन गोठ्यात शिरले. गव्हाणीच्या कडेवर भिमाजीनं हत्यारं मांडली. दोन्ही घड्याळं रेल्वेवाल्यांची, एकाच मापाची. मग दुसरा उपाय काय? आपली अस्सल तबकडी काढायची आणि व्याह्यांच्या घड्याळात बसवायची!

"बापाची तबकडी चाललीय रं," रंगनाथनं घड्याळ कपाळाला लावून भिमाजीच्या हाती दिलं. "पन पोरीसाठी..."

भिमाजीनं आबासाहेबांच्या घड्याळाचे काटे उपसले, स्क्रू शोधायला भिंग लावलं, आणि थांबला.

"मालक."

"काय?"

"स्क्रूच न्हाईत."

"म्हंजी?"

भिमाजीनं तबकडीच्या कडेला नख लावलं. टक्कन सुटून ती हातात आली. पाठीमागं पायांच्या जागी घासलेले दोन ठिपके होते, आणि मधोमध मेण. पिवळं, चांगलं जुनं, धुरकटलेलं मेण!

साऱ्या काष्टीच्या तबकड्या ज्यानं नापास केल्या, त्याचीच तबकडी कुणा परक्या घड्याळाची निघाली होती. रंगनाथ मटकन कडब्यावर बसला.

"मिना तरी भाजलेला हाय ना रं?" त्यानं केविलवाण्या आवाजात विचारलं.

"मिना लई झ्याक हाय, मालक. फकस्त घड्याळ दुसऱ्याचं हाय."

"बरं, बरं! कुनाला बोलू नगंस. चिकटव!"

भिमाजीनं मेण तोंडातल्या वाफेनं मऊ केलं, तबकडी व्याह्यांच्या घड्याळावर दाबली, काटे बसवले. पुसलेली तबकडी आबासाहेबांच्या घड्याळात नुसती वर ठेवून दिली. काटे बसवायला वेळच कुठं होता? बाहेरून आक्कांची हाक आली होती. रंगनाथनं झाकण मिटून आपलं घड्याळ बंडीच्या खिशात टाकलं आणि तो हसऱ्या चेहऱ्यानं बाहेर आला. कारल्याच्या भाजीत गूळ जास्त पडल्यावर लागते, त्या चवीचं ते हसू होतं.

उन्हं कलली होती. सुपारी गोरजावर फोडायची ठरली होती. भटजी पाटावर येऊन बसले होते. भिमाजीनं चार लोकांसमोर व्याह्यांचं घड्याळ पंच्यावर ठेवलं, काच उघडली, डोळ्याला भिंग अडकवलं.

आता भिमाजीची एक खोड रंगनाथला माहीत नव्हती. खोटं बोलायचं म्हटलं, की त्याची भुवई आपोआप वर जायची.

"अस्सल!" भिमाजी म्हणाला. भुवई वर गेली. भिंग सुटून टपकन समोरच्या चहात पडलं.

"काय झालं?" आक्कांनी विचारलं.

"काय न्हाई." त्यानं भिंग पुसून परत लावलं. "एकदम अस्सल!" टप्! परत चहात.

"पाय दाखव," आक्का म्हणाल्या.

"कुनाचं?"

"तबकडीचं! दोन पाय असत्यात तांब्याचं, भोकात उतरत्यात. घासलं असलं तर मेण असतं. ह्यांनीच सांगितलंय मला." त्यांनी रंगनाथकडं बोट केलं. "काढ तबकडी!"

"आक्का, आता कशाला उगाच..." हे गोरक्षनाथ आणि रंगनाथ दोघेही एकाच वेळी म्हणाले, आणि दोघांनी चमकून एकमेकांकडं पाहिलं.

आक्का ऐकणाऱ्यांतल्या नव्हत्या. भिमाजीनं देवाचं नाव घेऊन काटे उपसले, कडेला नख लावलं. तबकडी सुटली. उलटी झाली.

"मेण!" आक्का ओरडल्या.

गोरक्षनाथ पुढं वाकले. ती तबकडी त्यांनी निरखली, परत निरखली. त्यांच्या चेहऱ्यावर लाज नव्हती, भलताच गोंधळ होता. स्वतःच्या गोठ्यात दुसऱ्याची म्हैस बांधलेली दिसावी, तसा! एकदा आक्कांकडं बघून ते मागं सरले.

आक्का मात्र खचल्या. एवढी खणखणीत बाई, पण पदर डोळ्यांना लावला. "मेणाची तबकडी मिरवली आमच्या बापानं... उठ रं गोरक्ष. जिंकलं हे. आपन जाऊ."

आयुष्यात पहिल्यांदा चार लोकांत रंगनाथचं म्हणणं खरं ठरलं होतं, आणि जी तबकडी नकली ठरली होती ती त्याच्याच बापाची होती! सांगावं तर छबूबाईनं पाहुण्यांचं घड्याळ पुसलं हे बाहेर येणार. न सांगावं तर पाहुणे चालले. केशर दाराआड उभी होती. दारावर तिच्या बांगड्या वाजत होत्या.

रस्त्यानं गुरं परतली. गळ्यातल्या घुंगरांचा आवाज आला, धूळ उठली. आणि आत देवघरात दिवा लागला.

दिव्यानंतरचा छबूबाईचा पहिला शब्द खराच असायचा, हे रंगनाथला आत्ता आठवलं. छबूबाई मनातल्या मनात शुभंकरोती म्हणून, पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन बाहेर आली. दिवसभराचं मौन सुटलं होतं. "छबू," तो घाईनं म्हणाला, "चहा टाक की!"

छबूबाई थेट आक्कांपुढं बसली.

"आक्का, रडू नगा. ही तबकडी तुमच्या बापाची न्हाई. ही आमच्या मामंजींच्या घड्याळातली हाय."

"आँ?"

"तुमचं घड्याळ पारोसं देव्हाऱ्यात कसं ठेवू? म्हनून मी चिंचेनं घासलं. आकडं निघून गेलं. मग ह्यांनी भिऊन आमची तबकडी तुमच्या घड्याळाला लावली. चूक माझी हाय. काय बोलायचं ते मला बोला, पन माझ्या केशरला न्हाई म्हनू नगा."

आक्कांनी डोळे पुसले. मग त्यांची नजर हळूहळू रंगनाथकडं वळली.

"म्हंजी मेणाची निघाली ती तुमची?"

रंगनाथनं मान हलवली. हो की नाही, ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

"साऱ्या गावाला नापास करनाऱ्याची?"

"व्हय जी," भिमाजी उत्साहानं म्हणाला. भुवई जागची हलली नाही, भिंग डोळ्यावर घट्ट!

आक्कांच्या ओठांच्या कडा हलायला लागल्या होत्या. पण मधेच त्या थबकल्या. पारायण केलेल्या बाईला सगळे अध्याय पाठ असतात.

"थांबा! मिना असला तर घासून निघत न्हाई म्हनला व्हता तुमी. मग आमचं आकडं चिंचेनं निघालं कसं?" त्या भावाकडं वळल्या. "गोरक्ष?"

गोरक्षनाथांना तोच जुना ठसका लागला.

"आक्का... बाबा बैलगाडीतनं पडले होते ना, तेव्हाच जुनी फुटली. मग नगरला दुकानांच्या पाट्या रंगवणारा एक पेंटर होता, त्याच्याकडनं बाबांनी रंगवून घेतली. तुला वाईट वाटेल म्हणून कुणी बोललंच नाही."

"पाट्या रंगवनाऱ्याकडनं?"

"हो. त्यानं खाली 'उधार बंद' असं लिहायला घेतलं होतं म्हणे, बाबांनी वेळेत थांबवलं."

आणि आक्का हसल्या! आधी पदरात, मग पदराबाहेर, मग मांडीवर थापा मारत. गोरक्षनाथ हसले. भिमाजीचं भिंग पुन्हा चहात पडलं, पण या वेळी हसल्यामुळं. छबूबाई गालात हसली आणि तिनं देवघराकडं बघून हात जोडले.

"सोयरीक बरोबरीची पायजे म्हनत्यात," आक्का डोळे पुसत म्हणाल्या. "ह्याच्यापरीस बरोबरीची कुठं मिळायची? बाई, तुझं घड्याळ कसंबी असू दे, तू अस्सल हायेस. पोरगी तुझ्याच वळनाची हाय ना?"

"माझ्याच," छबूबाई म्हणाली.

"मग फोडा सुपारी!"

केशर दाराआडून पळाली, ती थेट चुलीपुढं. या वेळी चूल खरोखरच पेटलेली होती आणि तिच्या डोळ्यांत धूर मुळीच नव्हता.

"सुपारी फोडू, पण वेळ गाठायला हवी," इतका वेळ गप्प बसलेले भटजी पंचांगावरून मान वर करून म्हणाले. "गोरजाचा मुहूर्त साताच्या आत आहे. पुढं घटिका बरी नाही. किती वाजले?"

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. व्याह्यांचं घड्याळ पंच्यावर उघडं पडलं होतं, काटे एकीकडं, तबकडी एकीकडं. भटजी वेळ यजमानाला विचारून घेणारे. भिमाजी दुसऱ्यांची घड्याळं दुरुस्त करायचा. स्वतःकडं घड्याळ बाळगावं असं त्याला कधी वाटलंच नव्हतं. शेजारीपाजारी चौकशी केली, तर रंगनाथ येतो म्हणून ज्यांनी घड्याळं खिशातून पेटीत टाकली होती, त्यांची किल्ली द्यायचीच राहून गेलेली!

"अहो, किती वाजले? कुणीतरी सांगा!" भटजी घायकुतीला आले.

तेव्हा रंगनाथ खाकरला. सवयीनंच त्याचा हात बंडीच्या खिशात गेला. त्यानं साखळी ओढली, ऐटीत झाकण उघडलं आणि त्या कोऱ्या पांढऱ्या तबकडीकडं, जिच्यावर ना आकडा होता ना काटा, भुवया आकसून नीट निरखून पाहिलं.

"अजून पाच मिनिटं हायेत," तो म्हणाला.

आणि खरं सांगते, सगळी मंडळी मुकाट्यानं पाच मिनिटं थांबली!